दर रविवारी मागचंच चाक: वेताळ टेकडीवरच्या एका हार्डटेलचं पंक्चर प्रकरण

माझ्या मावसभावाच्या सायकलचं हे प्रकरण त्याला विचारून सविस्तर लिहितेय, कारण पुण्यातल्या वेताळ टेकडीवर नवीन येणाऱ्या बऱ्याच जणांचं पहिल्या हिवाळ्यात हेच होतं आणि बहुतेक जण भलत्याच गोष्टीवर पैसे घालून बसतात. विषय पंक्चरचा. दर रविवारी पंक्चर, तेही बहुतेक वेळा मागचंच चाक, आणि दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत हे असंच चालल्यावर तो इतका वैतागला की ही सायकल विकून फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे स्प्रिंगवाली, घ्यायच्या गोष्टी करायला लागला. माझं म्हणणं पहिल्यापासून एकच होतं, काहीही विकत घ्यायच्या आधी फुटलेल्या ट्यूब नीट बघ. भोक कुठे आहे, कसं आहे, एक आहे की दोन, यावरून निम्म्याहून जास्त उत्तर मिळतं आणि त्याला एक रुपया लागत नाही.

आधी सायकल आणि माणूस. सायकल अ‍ॅल्युमिनियमची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे स्प्रिंग असलेली, २७.५ इंची चाकं, पुढे १०० मिलिमीटरचा स्प्रिंगचा फोर्क, मेकॅनिकल डिस्क ब्रेक, टायर सायकलबरोबर आलेले २.१ इंची, तारेच्या बीडचे (बीड म्हणजे रिममध्ये अडकणारी टायरची कड) म्हणजे घडी न होणारे, आणि व्हॉल्व्ह मोटरसायकलला असतो तसला जाड, श्रेडर. आपल्याकडे पहिली एमटीबी, म्हणजे डोंगरवाटेची सायकल, म्हणून लोक जे घेतात ते अगदी हेच, आणि शिकायला ही सायकल उत्तम आहे, हे मी त्याला तेव्हाही सांगत होते. माणूस ८२ किलोचा, दणकट, आधी दोनेक वर्षं रोडवर सायकल चालवलेली, त्यामुळे पायात दम भरपूर, पण सीटवरून उठायची सवय अजिबात नाही. हे सीटचं लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येतो.

राइड नेहमीचीच. कोथरूडच्या बाजूने टेकडीवर चढायचं, वेताळाच्या देवळापाशी जायचं, खाणीच्या कडेकडेने फिरायचं, पंचवटी-पाषाणच्या अंगाने थोडं उतरून परत वर यायचं. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आणि टेकडीचा माथा साधारण ८०० मीटरवर, म्हणजे शहराच्या मधोमध चांगला अडीचशे मीटरचा चढ मिळतो, हे आपलं केवढं भाग्य आहे! पण जमीन बेसाल्टची. खाली टणक कातळ, त्यावर मुरमाची बारीक खडी सांडलेली, मध्येमध्ये उघडे पडलेले धारदार दगड, आणि कडेने बाभळी, बोरी, हिवर. वनखात्याने लावलेली गिरिपुष्पाची झाडं पण भरपूर आहेत, पण ती बिचारी कुणाला टोचत नाहीत. पावसाळा संपला की कुसळी गवत वाळतं, मोज्यात घुसतं, त्याचा त्रास होतो पण टायरला त्याचं काही नाही. टायरचे खरे शत्रू वेगळे आहेत.

तर पहिलं पंक्चर झालं तेव्हा तो कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे गेला, त्यांनी पॅच मारून दिला आणि सांगितलं की हवा कमी होती म्हणून झालं, टाइट ठेवत जा. ह्याने ठेवली. परत पंक्चर झालं, अजून टाइट केली. असं करत करत फ्लोअर पंपवर (जमिनीवर ठेवून मारायचा पंप) काटा ५० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) पुढे नेऊन ठेवायला लागला, दोन्ही चाकात तेवढीच. पंक्चर काही थांबली नाहीत, थोडी कमी झाली एवढंच, आणि नवीनच दुखणं सुरू झालं ते म्हणजे पुढचं चाक वळणावर सुटायला लागलं. खाणीजवळच्या एका डाव्या वळणावर, काही अवघड नाही, साधं वळण, तिथे पुढचं टायर मुरमावरून सरळ बाहेर घसरलं आणि हा कोपरावर पडला. चांगलं खरचटलं. त्याच दिवशी संध्याकाळी मला फोन, "ताई, ही सायकल ट्रेलची नाहीच आहे, मला फुल सस्पेन्शन बघायचीय, बजेट सांग."

मी म्हणलं बजेट नंतर, तू आधी सगळ्या जुन्या ट्यूब घेऊन ये. सुदैवाने फेकल्या नव्हत्या, एका पिशवीत कोंबून ठेवलेल्या. ज्यांना पॅच होते त्या पण आणल्या.

आता इथे जरा थांबून सांगते, कारण प्रकरणाचा गाभा हाच आहे. ट्यूब तपासताना नुसतं भोक सापडलं की काम झालं असं नसतं. आधी व्हॉल्व्ह कुठे आहे ते बघायचं आणि तिथून भोकापर्यंतचं अंतर धरायचं. मग ट्यूबची कुठली बाजू ते बघायचं, जमिनीकडची, रिमकडची की कडेची. आम्ही मोरीत बादली भरून एकेक ट्यूब फुगवून बुडवली, बुडबुडे आले तिथे खडूने गोल केला, आणि मग सगळ्या ट्यूब व्हॉल्व्ह एका रेषेत आणून जमिनीवर शेजारी शेजारी पसरल्या. पसरल्या पसरल्या त्यालाच दिसायला लागलं, मला काही बोलावं लागलं नाही.

तीन वेगवेगळ्या भानगडी होत्या, आणि तो तिन्हीला एकच समजत होता.

सगळ्यात जुन्या ट्यूबना, म्हणजे हवा टाइट करायला लागण्याच्या आधीच्या, दोन समांतर चिरा होत्या, शेजारी शेजारी, सापाने दात मारावे तशा. ह्याला म्हणतातच स्नेक बाइट. काटा असा कधी लागत नाही. हवा कमी असताना चाक दगडाच्या कडेवर आदळलं की टायर पूर्ण दाबला जातो आणि ट्यूब दगड आणि रिमच्या दोन कडांमध्ये चिमटली जाते, म्हणून दोन चिरा. पंक्चरवाल्या काकांचा सल्ला ह्या पंक्चरपुरता बरोबरच होता. पण हे पंक्चर मागच्याच चाकाला का व्हायचं? तर हा दगडी टप्प्यावर सीटवर बसून जायचा. सगळं वजन मागच्या चाकावर, वर सीट रोड सायकलसारखी उंच, म्हणजे मागचं चाक दगडावर आपटतंय आणि वर ८२ किलो गच्च बसलेत. तिथे कुठलीही ट्यूब चिमटणार.

दुसरा प्रकार, आणि संख्येने हाच जास्त, जमिनीकडच्या बाजूला सुईएवढं एकच भोक. हा काटा. काट्याला हवा किती आहे ह्याच्याशी काहीएक देणंघेणं नसतं, तो ३० पीएसआयला पण घुसतो आणि ५० ला पण घुसतो. म्हणजे हा जो उपाय वाढवत वाढवत नेत होता तो ह्या पंक्चरवर उपायच नव्हता. आणि त्यात गंमत अशी की अशा बऱ्याच ट्यूबवर भोक व्हॉल्व्हपासून जवळपास एकाच अंतरावर होतं, वेगवेगळ्या रविवारच्या ट्यूब आणि भोक त्याच जागी. ह्याचा एकच अर्थ होतो, काटा टायरमध्येच बसलाय. ट्यूब बदलतोय, पॅच मारतोय, पण टायरच्या आतून काट्याचं टोक काढलेलंच नाही, आणि ते टोक दर आठवड्याला नव्या ट्यूबला टोचतंय.

मागचं टायर उतरवलं. त्याने आतून बोट फिरवलं, म्हणाला काही नाही लागत हाताला. बोटाला लागत नाही कारण टायर मोकळा असताना टोक आतच दबून राहतं, हवा भरून वजन आलं की तेवढं मिलिमीटरभर वर येतं. आणि खरं तर बोट फिरवूच नये, काच असली तर बोट कापतं. मावशीच्या वातींच्या कापसातला एक बोळा घेतला, टायर आतून थोडा उलटा वाकवत वाकवत तो बोळा हळूहळू फिरवला, आणि एका जागी कापसाचे तंतू अडकले. तिथे टायर चिमटीत दाबला तर तपकिरी टोक दिसलं, जेमतेम दीड-दोन मिलिमीटर. बाहेरून नॉबच्या (टायरवरच्या रबरी गुठळ्या) बुडाशी मोडून बसलेलं, वरून दिसतच नव्हतं. चिमट्याने ओढून काढलं. पुढे फिरवत गेलो तर आणखी निघाले, पुढच्या टायरमध्येपण.

म्हणजे ज्याला तो इतकी सगळी पंक्चर म्हणत होता त्यातली कितीतरी एकाच काट्याची होती.

तिसरा प्रकार एकाच ट्यूबवर होता, रिमकडच्या बाजूला भोक. रिमच्या आत जी रबरी पट्टी असते ती बाजूला सरकली होती आणि स्पोकच्या निपलचं भोक उघडं पडलं होतं, तिथे ट्यूब फुगून घुसली आणि कडेवर कापली. इथे तर ५० पीएसआयने उलट पंक्चर व्हायला मदतच केली असणार, जितकी हवा जास्त तितकी ट्यूब त्या भोकात जास्त दाबली जाते. पट्टी काढून कापडी रिम टेप लावली, विषय संपला.

आता काटे कुठले? मी आधी बाभळीचं म्हणत होते, कारण आपल्याकडे टेकडीवर कुणीतरी बाभळीच्या फांद्या तोडून वाटेवर पसरलेल्या असतातच, आणि बाभळीचा काटा पांढरट, लांब, सरळ, बोटाच्या पेराएवढा तर सहज, तो घुसला की नुसतं पंक्चर नाही आरपार जातो. पण टायरमधून काढलेले काटे बघितले तर बहुतेक आखूड, जाड बुडाचे, तपकिरी. सराटे. गोखरू म्हणतात ते. आणि सराटा टेकडीवर दगडात फारसा दिसत नाही, त्याला मोकळी, उकरलेली, उन्हातली सपाट जमीन लागते. पावसाळ्यात जमिनीलगत पसरतो, पिवळी छोटी फुलं येतात, आणि दसरा-दिवाळीपर्यंत फळं वाळून तडकतात. त्या प्रत्येक तुकड्याचा आकारच असा की जमिनीवर कसाही पडला तरी एक काटा वर असतो. मग आम्ही चालत त्याच्या घरापासून टेकडीपर्यंतचा रस्ता बघितला. वाटेत एक रिकामा प्लॉट आहे, तिथून तिरकं गेलं की एक सिग्नल वाचतो, म्हणून हा दर वेळी तिथून जायचा. सगळा प्लॉट सराट्याने भरलेला! चपलेच्या तळव्याला मोजून सांगता येणार नाहीत इतके चिकटून आले. म्हणजे ट्रेलवर पोचायच्या आधीच काटे लागलेले असायचे, टेकडीवर दगडांवरून ठोके बसून ते आत सरकायचे आणि हवा जायची वर गेल्यावर, त्यामुळे बदनाम टेकडी होत होती.

सराटा हा फक्त आपल्याला छळतो असं नाही बरं का. अमेरिकेच्या पश्चिम भागात हा बाहेरून गेलेला आणि तिथले सायकलवाले ह्याच्या नावाने बोटं मोडतात, १९६१ साली तर तिथल्या शेती खात्याने ह्याची फळं आणि खोडं पोखरणारे दोन जातींचे सोंडकिडे मुद्दाम आणून सोडले. आपल्याकडे सिग्नलला दीड मिनिट थांबणं हा उपाय जास्त सोपा आहे. त्याने प्लॉटचा शॉर्टकट त्या दिवसापासून बंद केला.

मग हवेकडे आलो. त्याचा प्रश्न रास्त होता, "मग हवा कमी केली तर परत ते सापाच्या दातासारखं होणार ना?" होणार, म्हणून हवा आणि चालवण्याची पद्धत दोन्ही एकदम बदलायला लागतं. आधी हवेचं गणित सांगते. ५० पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण साडेतीन किलोचा दाब. माणूस, सायकल, पाणी धरून सगळं मिळून ९८ किलोच्या आसपास, त्यातलं पुढच्या चाकावर चाळीसेक किलो. चाळीस भागिले साडेतीन, म्हणजे पुढचं टायर जमिनीला साडेअकरा चौरस सेंटिमीटरच्या आसपास टेकतंय. तेच २८ पीएसआयला, म्हणजे चौरस सेंटिमीटरला दोन किलो धरलं तर, वीस. टायरच्या कडांचा कडकपणा मी ह्यात धरलेला नाही, त्यामुळे हे मोजमाप ढोबळ आहे, पण फरक जवळपास पावणेदोन पटीचा आहे. आणि मुरमावर फक्त क्षेत्रफळाचा प्रश्न नसतो, टायर मऊ असेल तर तो खड्यांभोवती बसतो, टणक असेल तर खड्यांवरून गडगडत जातो. खाणीजवळच्या वळणावर तो पडला त्याचं कारण सायकल ट्रेलची नसणं हे नव्हतं, पुढच्या टायरात भरलेली ५० ची हवा हे होतं. फुल सस्पेन्शन घेऊन त्यात ५० भरली असती तरी तिथेच पडला असता.

सुरुवात आम्ही पुढे ३०, मागे ३५ अशी केली. मागे जास्त कारण वजन मागे. मग दर राइडला थोडी थोडी कमी करत, रिम दगडाला ठण्ण लागतेय का हे ऐकत ऐकत, शेवटी पुढे २७ आणि मागे ३२ वर तो स्थिरावला. हे आकडे त्याच्या वजनाचे, त्याच्या २.१ टायरचे आणि ट्यूबचे आहेत, ५५ किलोच्या माणसाने हेच भरले तर त्याला सायकल खडखडीत लागेल. आणि एक, फ्लोअर पंपचा काटा १६० पर्यंतचा असेल तर २७ आणि ३२ मधला फरक त्यावर नीट दिसतच नाही. चांगला कमी दाबाचा डिजिटल गेज घ्या. ह्या अख्ख्या प्रकरणातली सगळ्यात उपयोगी खरेदी कुठली विचाराल तर मी बिनदिक्कत गेज सांगेन.

पद्धतीचं काम जास्त दिवस चाललं, आणि मला स्वतःला ह्या सगळ्यात तेच जास्त आवडलं. सीटला क्विक रिलीज (हाताने उघडायचा खटका) होतंच, उतार सुरू व्हायच्या आधी थांबून सीट तीन-चार इंच खाली करायची हे पहिलं. ड्रॉपर पोस्ट, म्हणजे खालीवर होणारी सीटची दांडी, असेल तर बटणावर होतं, पण नसेल तर थांबायला काय हरकत आहे? दुसरं, पेडल एका पातळीत, पाय वाकवून उभं राहायचं, कोपरं बाहेर, ढुंगण सीटच्या वर. पुढचं चाक दगडावरून गेलं की लगेच पायातला भार हलका करायचा म्हणजे मागचं चाक दगडावर आपटत नाही, वर चढून जातं. रोडवरून आलेल्या माणसाला हे फार जड जातं, त्याला वाटतं बसून पेडल मारत राहिलं म्हणजे वेग टिकतो. आम्ही एकच दगडी टप्पा पकडला, पंचवटीकडच्या उताराला आहे, गुडघ्याच्या निम्म्याएवढा, आणि तोच परत परत केला. सकाळी फिरायला येणारे आजी-आजोबा थांबून बघायचे, एक आजोबा तर रोज विचारायचे "जमलं का रे?" त्यांच्यासाठी आम्ही प्रत्येक वेळी वाट सोडून उभे राहायचो, टेकडी आधी चालणाऱ्यांची आहे आणि वळणावर घंटी वाजवणं, वेग कमी करणं हे आपल्याकडे झालंच पाहिजे, नाहीतर उद्या सायकलवर बंदी यायला वेळ लागणार नाही.

सामानाचं काय काय बघितलं तेही सांगते. जाड ट्यूब मिळतात, साध्या ट्यूबच्या दुप्पट वजनाच्या, सराट्याला बऱ्यापैकी थांबवतात पण चाक जड होतं आणि चढावर ते जाणवतं. टायर आणि ट्यूबच्या मध्ये टाकायची प्लॅस्टिकची पट्टी मिळते, ती मला पटत नाही, तिची कड कालांतराने ट्यूबला घासून स्वतःच भोक पाडते. बिन सोल्युशनचे चिकटवायचे पॅच घरी जाईपर्यंत ठीक, आपल्या उन्हात टिकत नाहीत. पॅच मारायचाच तर जुन्या पद्धतीचा, घासून, सोल्युशन लावून, त्याचा ओलेपणा जाऊन ते हाताला जरासं चिकट लागेपर्यंत थांबून, मग दाबून. बहुतेक पॅच सुटतात ते घाई केल्यामुळे. त्याच्या बाबतीत आम्ही निवडलं ते म्हणजे ट्यूबमध्येच सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव. श्रेडर व्हॉल्व्हचा हा फायदा, आतली पिन फिरवून काढता येते, बाटलीतून सीलंट आत सोडायचं, पिन परत लावायची, हवा भरायची, चाक फिरवायचं. सुईएवढी भोकं ते तिथल्या तिथे बंद करतं. चिमटलेल्या चिरा मात्र बंद करत नाही, आणि एकदा सीलंट बाहेर आलेल्या ट्यूबला पॅच चिकटत नाही, हे आधीच माहीत असलेलं बरं.

ट्यूबलेस करायचा, म्हणजे ट्यूब काढून टायर थेट रिमवरच हवाबंद बसवायचा, त्याचा हट्ट होता. त्याच्याच रिमवर टेप मारून, त्याच्याच तारेच्या टायरवर करून देतो असं त्याला एकाने सांगितलं होतं. मी ठाम नाही म्हणलं. ट्यूबलेसच्या रिमला आत बीड बसायला बेताची पायरी आणि तिच्या कडेला उंचवटा असतो, टायरचा बीड पण त्या मापाचा घट्ट असतो, ही जोडी असेल तरच कमी हवेला वळणावर बीड जागा सोडत नाही. साध्या रिमवर केलं तर घरी उभं राहतं, हवा धरतं, आणि उतारावर जोरात वळलं की कडेने फस्सकन हवा सोडतं, नेमकं जेव्हा सोडायला नको तेव्हा. १९९९ साली माव्हिक ह्या रिमवाल्या कंपनीने हचिन्सन आणि मिशलां ह्या टायरवाल्यांना बरोबर घेऊन एमटीबीसाठी यूएसटी ही ट्यूबलेस पद्धत आणली तेव्हा त्यात मुख्य काम ह्याच जोडीचं होतं, रिम आणि टायर एकमेकांच्या मापाचे करणं. आहे त्या रिमवर जुगाड करून मावसभावाला उतारावर सोडायला माझं मन धजलं नाही.

खर्च झाला तो सीलंट, गेज, कापडी रिम टेप आणि पुढे थोडं रुंद, टोकदार नॉबचं टायर एवढाच. मागचं टायर तेच ठेवलं, काटे काढून. होळीपर्यंत तो पंक्चरबद्दल बोलायचा बंद झाला होता. अगदी शून्य नाही झाली, एकदा बाभळीचा लांब काटा टायरच्या बाजूने घुसून आरपार गेला, त्याला कुठलंच सीलंट पुरत नाही. आणि एप्रिलच्या उन्हात सीलंट वाळून आत त्याचा रबरी गोळा झाला, व्हॉल्व्हची पिन चिकटून हवाच भरता येईना, पिन बदलली. आपल्याकडे उन्हाळ्यात दोन महिन्यांनी बघायलाच लागतं.

पावसाळ्यात टेकडीवर जायचं आम्ही टाळतो, ओल्या वाटेवर चाकाचे चर पडतात आणि मग पाणी त्याच चरातून वाहून वाट खचते. तेवढ्या काळात त्याने पैसे साठवले आणि पुढच्या दसऱ्याला एकाकडून वापरलेला ट्यूबलेस रेडी व्हीलसेट घेतला. तो ट्यूबलेस करून द्यायला मात्र मी आनंदाने बसले. टेप ताणून लावली, आतल्या रुंदीपेक्षा दोनेक मिलिमीटर जास्त रुंद घ्यायची म्हणजे कडा वर चढतात, टोच्याने व्हॉल्व्हचं भोक पाडलं, टायर चढवला, कडांना साबणाचं पाणी फासलं, पिन काढून फ्लोअर पंप मारला तर पुढचं चाक पहिल्या झटक्यात फट्-फट् आवाज करत बसलं. मागचं बसेना. मग पितळी अडॅप्टर लावून पेट्रोल पंपावर कॉम्प्रेसरने बसवलं, टायरवर आणि रिमवर लिहिलेली कमाल मर्यादा सांभाळून, कारण त्या कॉम्प्रेसरला सायकलचं रिम काय समजतं! नंतर चाकाला शंभरेक मिलीलिटर सीलंट, दोन्ही बाजूंवर आडवं ठेवून हलवलं, आणि हवा पुढे २३, मागे २६. राइडवरून आल्यावर तो नुसता हसत होता, म्हणाला तोच मुरूम आहे हे पटत नाही.

फुल सस्पेन्शनचा विषय त्याने नंतर काढला नाही. काढला असता तरी मी नाही म्हणणार नव्हते, चांगली वस्तू आहे, पण ती काट्यासाठी घ्यायची वस्तू नाही.

ह्या प्रकरणातली अगदी ताजी घटना गेल्या महिन्यातली, आणि ट्यूबलेसवाल्या सगळ्यांनी ही वाचावीच. दगडाच्या धारेने मागच्या टायरची बाजू चिरली, इंचभर, सीलंटचे फवारे. प्लग (भोकात ठोसायची रबरी वात) मारला, बाजूच्या भिंतीला प्लग टिकत नाही, टिकला नाही. त्याच्याकडे जादाची ट्यूब होती, चिरेवर आतून बिस्किटच्या पुड्याचा कागद दुमडून लावला, ट्यूब टाकली, हवा भरली आणि पन्नास पावलांत तिचीही हवा गेली. कारण वर्षभर ट्यूबलेस चालवताना जे जे काटे घुसले ते सगळे सीलंटने तिथल्या तिथे बंद केले, हवा कधी गेलीच नाही, त्यामुळे ते काढायची वेळच आली नाही. टायरच्या आत काट्यांची टोकं जागोजागी उभी होती आणि ट्यूब टाकल्याबरोबर सगळी तिला लागली. तो पाषाणच्या बाजूने सायकल ढकलत खाली आला. आता त्याच्या पाठीवरच्या पिशवीत ट्यूब, पॅच, प्लग, छोटा पंप ह्यांच्याबरोबर एका डबीत कापूस आणि भुवयांचा चिमटा असतो, आणि दर दोन महिन्यांनी सीलंट भरायला टायर उघडला की आतून कापूस फिरवल्याशिवाय तो टायर परत बसवत नाही.